लांडोरीची चार अंडी

सकाळी कोंबडी खोक्यातून उठली आणि सरळ अंगणात आली. मागे एक पिल्लू. एकच.

ओब्दुलियाचे हात मक्याच्या पिठात होते. ती तशीच आत धावली. सापाच्या भीतीने तिने खोकं घरात, सासूच्या खाटेजवळ ठेवलं होतं. त्यात लांडोरीची चार अंडी उघडी पडली होती आणि मधोमध एक फुटकं पांढरं टरफल. कोंबडीच्या अंड्याचं.

"आई, हे कोणी घातलं यात?"

"मी," तोमासा म्हातारी खाटेवरूनच म्हणाली. "तू कोंबडी बसवलीस त्याच दिवशी. चार ठेवली होतीस. चार म्हणजे जोडीचा आकडा. जोडीची अंडी सडतात, हे शेंबड्या पोराला पण कळतं. मी पाचवं सरकवलं. उपकार राहिले बाजूला."

"अहो, कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. लांडोरीचं अठ्ठाविसाव्या. पिल्लू निघालं की कोंबडी उठणारच. आता उरलेले सात दिवस कोण बसणार?"

"एक तरी निघालं ना. तुझ्या चारांतून काय निघालं?"

ओब्दुलियाने दातओठ खाल्ले. पिल्लांना काय तोटा होता? सगळ्या ओलांचो प्रांतात पायात कोंबड्या येतात. तिला मोर हवा होता. तीन वर्षं तिने मोर आणि लांडोर वाढवली आणि तीन वर्षं गावाची टिंगल ऐकली. मोर ओरडला की बायका कुंपणावरून विचारायच्या, तुझ्याकडे आज कोण मेलं गं? मग गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत तो ओरडला आणि शेजारच्या बासिलियोने त्याला गोळी घातली. देवाचा अपमान झाला म्हणे. देवाने मोर केला तेव्हा बासिलियोला विचारलं नव्हतं, पण बंदूक बासिलियोकडे होती. त्याच आठवड्यात लांडोरीने ही चार अंडी घातली. मोराच्या मागे राहिलं ते एवढंच. आणि लांडोर? ती आंब्यावर बसून पिसं साफ करत होती, आपलं काम संपलं अशा थाटात.

ओब्दुलियाने पिल्लू उचलून पदराआड केलं, कोंबडी धरली, खोक्यात दाबून बसवली आणि वर टोपली पालथी घातली. आत नुसता धिंगाणा. टोपली उचलली तर एक अंडं तुडवलेलं. आतलं पिल्लू जवळजवळ पुरं झालं होतं. डोळे मिटलेले, पायाला नखंसुद्धा आलेली.

तिने पिल्लू कोंबडीपुढे टाकलं. घे तुझं, जा.

नवरा, निकानोर, कॉफीचा पेला घेऊन दारात आला. त्याने खोक्यात डोकावून पाहिलं.

"दिव्याखाली ठेव की."

"कुठला दिवा? आपल्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. ती पण जेवायला थांबत नाही."

"मग जाऊ दे ना. मोर काय खायचा असतो?"

"सगळं तुमच्याच तोंडात जायला हवं का?"

त्याने टोपी घातली आणि तो कामाला निघून गेला. पुरुषांना हे बरं असतं.

ओब्दुलिया तीन घरं फिरली. कुठेच कोंबडी खुडूक, अंड्यांवर बसायला आलेली, नव्हती. तिसऱ्या घरची हिलारिया म्हणाली, "होती गं. कालच रस्सा केला तिचा. झाला होता मात्र झकास."

ती परत आली तेव्हा अंडी कोमट झाली होती. म्हातारी खाटेवर पंख्याने वारा घेत होती. "काय हा उकाडा," ती कुरकुरली, "अंग नुसतं भाजतंय माझं."

ओब्दुलिया थांबली. सासूच्या अवाढव्य अंगाकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आई, झंपर सोडा."

"काय?"

"सोडा म्हणते ना. अंडं तुम्ही घातलंत, आता उबवा पण तुम्हीच."

म्हातारीने ओब्दुलियाच्या सात पिढ्या काढल्या. पण ओब्दुलियाने तिन्ही अंडी तिच्या छातीखालच्या वळीत बसवली आणि वरून लोकरी शाल घट्ट बांधली. "सात दिवस. उताणं पडायचं. विहिरीवर नाही, चुलीपाशी नाही, चर्चला तर नाहीच नाही."

"आणि मका कोण दळणार?"

"मी."

"आणि मुतायला?"

"मी धरून नेते."

दुपारी तिने घेवड्याची उसळ आणि भाकरी खाटेवर नेऊन दिली. राग अजून उतरला नव्हता. "खोक्यात हात घालायच्या आधी एका शब्दाने विचारलं असतं तर जीभ झडली असती का? हलू नका. मी भरवते. हलू नका म्हटलं ना."

म्हातारी हलली नाही. तिने घास गिळला. एक हात शालीवर ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली.

"आठ बाळंतपणं झाली माझी या खाटेवर," ती म्हणाली. "पाच पोरं जगली. तिसऱ्या दिवशी तुझा सासरा दारात उभा राहायचा, ऊठ, कॉफी तोडायला चल. आठही वेळा. हलू नको असं आज पहिल्यांदा कोणी म्हणतंय."

ओब्दुलियाला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तिने थाळी खाली ठेवली. हात पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि शालीखाली घालून ती एकेक अंडं फिरवू लागली.

"ऊब आहे का गं?" म्हातारीने विचारलं.

"आहे."