रद्दीतले तारे

अवकाशातल्या दुर्बिणीला एखादा तारा एकदाच उजळून पूर्ववत झालेला दिसला, की अनसूया गावित ती नोंद ‘यंत्राची चूक’ म्हणून रद्दीत टाकायच्या. वीस वर्षांचा शिरस्ता होता तो. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सहज ती रद्दी नकाशावर मांडली, आणि हातातला चहा निवून गेला. सगळे ठिपके तारखांच्या क्रमानं एका रेषेत होते!

“न दिसणारं काहीतरी ताऱ्यांपुढून चाललंय, साहेब. त्याच्या गुरुत्वाच्या ओढीनं मागच्या ताऱ्याचा प्रकाश एकवटतो. पुढचा तारा आज दुपारी चार दहाला उजळेल.”

“नाही उजळला, तर निरोपसमारंभातच हसं होईल तुमचं,” केंद्रप्रमुख दाभाडे म्हणाले.

चार दहाला पडद्यावरचा तारा संथपणे उजळू लागला. अनसूयाबाईंनी देवळाच्या पायरीशी काढतात तशा नकळत चपला काढून ठेवल्या.