आणाभर न हललेला भाव

लोणावळ्याचे त्र्यंबकराव आणि त्यांचे मेहुणे नरहरपंत यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. मुंबईचा पेपर आला, की त्र्यंबकराव बाजारभावाचे पान मेहुण्याच्या नाकासमोर नाचवत. "तुमची गिरणी पुन्हा घसरली! आमची मँगनीजची खाण म्हणजे लोहगड. तीन वर्षांत शेअरचा भाव आणाभर हलला नाही. अक्कल लागते, पंत!"

पंत सुपारी कातरत.

शेवटी मेहुण्याच्या दारापुढची जागा घेऊन त्याची वाटच अडवावी, म्हणून त्र्यंबकराव शेअर विकायला मुंबईला गेले. दलाल हसला. "पेपरात येतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा तुमचाच. त्यानंतर ह्या शेअरला कुत्रंही विचारत नाही."

"मग ते माझ्या गळ्यात मारले कोणत्या हरामखोराने?"



"नरहरपंत म्हणून आहेत. तुमच्याच लोणावळ्याचे."