उलट्या आट्याची पाटी

पाटी पुन्हा फिरली होती.

ताईनं हातातली चेन रॉकेलच्या डब्यात अशी आपटली की समोर बसलेल्या शिक्षिकेच्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. शिक्षिकेनं चष्मा पुसला आणि खालच्या आवाजात उरलेलं सांगून टाकलं. आज मागे राहिलेली चौघंही तळ्याकडे न जाता खाणीच्या वाटेला लागली होती. बाणच तिकडे होता, त्यांचा काय दोष?

बाजारामागचं हे जुनं गोदाम नगरपालिकेनं सायकलींसाठी दिलेलं. इथे कोणी कोणाची सायकल दुरुस्त करून देत नसे. ज्याची सायकल त्याचा हात, बाकीच्यांनी फक्त सांगायचं. हा नियम ताईचा. रविवारी सगळ्यांनी मिळून शेतांमधून तळ्यापर्यंत जायचं, हाही तिचाच. ती सगळ्यांच्या पुढे असायची. ओढ्यापाशी वाट फुटते तिथे तिनं पाटी लावली होती, मागून रमतगमत येणाऱ्यांसाठी. तिला स्वतःला पाटीची गरज नव्हती. ते रान तिच्या पायाखालचं होतं. खाणीकडे मात्र ती कधी वळत नसे, आणि का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. राग तिच्या नाकावर असायचा. एकदा रागावून निघालं की मागं वळून पाहायचं नाही, हे जुनं वळण.

मागच्याच आठवड्यात नगरपालिकेचा कारकून येऊन गोड बोलून गेला होता. खाणीला कठडा नाही. कोणी पडलं तर साहेबांच्या गळ्याशी येईल. माणसं अशीच चुकत राहिली तर गोदामाची किल्ली परत द्यावी लागेल.

"शेळ्यावालाच असणार," ताई म्हणाली. सायकलींच्या घंटांनी शेळ्या बुजतात म्हणून तो अधूनमधून कुरकुरत असे.

ती तडक माळावर गेली आणि त्याला वाटेल ते बोलली. तो काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत राहिला.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "तुमची वाट मोडायची असती तर मी काट्या टाकल्या असत्या, बाई. पाटी फिरवून काय करू? माझ्या शेळ्यांना वाचता येत नाही."

ताई परतली ती आणखी धुमसत. शिक्षिकेला वाटलं, चांगलं काही सांगावं म्हणजे ही निवळेल. "त्या वाटेवर एक म्हातारा राहतो म्हणे. सगळ्यांना खाणीच्या आधीच अडवतो. पाणी देतो, चाकांत हवा भरून देतो, मग परत पाठवतो. आणि जो येईल त्याला एकच विचारतो, मागून अजून कोणी यायचंय का."

"मी विचारलं का तुला?"

शिक्षिका आपल्या सायकलकडे वळली.

त्या आठवड्यात ताईनं एक युक्ती केली. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या बाजूला फिरवून सोडवतं, त्या बाजूला ते आणखी घट्ट होतं. मोडक्या सायकलच्या पेडलचा तसला दांडा काढून तिनं त्यानंच पाटी खांबाला आवळली. पाना तिचा नेहमीचाच, मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला. घर सोडताना तिनं तेवढा एकच सोबत घेतला होता. चोर आता झटेल, घाम गाळेल, कडा झिजवेल आणि हात सोलून घेऊन घरी जाईल.

रविवारी पाटी पुन्हा खाणीकडे पाहत होती.

दांड्यावर ओरखडासुद्धा नव्हता. नीट सोडवलेला, नीट आवळलेला, वर आट्यांना बोटभर ग्रीस लावलेलं. गंजू नये म्हणून.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोदामात सगळ्यांना उभं करून तिनं सांगितलं की हे बाहेरच्याचं काम नाही. चोर आपल्यातलाच आहे, आणि त्याच्यापायी उद्या हे दार बंद होणार आहे. निवृत्त बसचालकानं शांतपणे हात पुसले. जन्मभर बस चालवली, कोणाला चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही, असं म्हणून तो निघून गेला. त्याच्या मागोमाग एकेक करून बाकीचेही गेले. गोदामात शिक्षिका तेवढी राहिली.

"उलट्या आट्यांचं आम्हाला तू शिकवलंस," ती म्हणाली. "तुला कोणी शिकवलं?"

ताईचा हात पान्यावर तसाच राहिला. मग तिनं सायकल ओढली आणि बाहेर पडली.

ओढ्यात पाणी कमी, दगड जास्त. वाटेला सावली कमी, काटे जास्त. फाट्यावर तिनं बाणाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच बाण सांगेल तिकडे हँडल वळवलं. पेडलगणिक तिच्या तोंडात एकेक शब्द तयार होत होता. किती माणसांचा जीव धोक्यात घातला, किती जणांना माझ्या तोंडून नाही नाही ते ऐकावं लागलं, माझं गोदाम जाणार आहे, त्याचं काय? एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

अंगण झाडलेलं होतं. भिंतीशी बाक, बाकावर पालथे घातलेले पेले, फाटकाला टांगलेला पंप. म्हातारा पाठमोरा बसला होता. मांडीवर चाक, चाकाला कान. हातातल्या पान्याच्या मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती.

सायकल थांबल्याचा आवाज त्यानं ऐकला. मान वळवली नाही.

"या, पाणी घ्या," तो म्हणाला. "मागून अजून कोणी यायचंय का?"

ताई फाटकात उभी राहिली.

"नाही, बाबा," ती म्हणाली.