दुसऱ्या अल्बमवरची सही

ऋजुताच्या दुसऱ्या अल्बमवर सही घ्यायला ही मोठी रांग लागली होती. पहिल्यात नुसती विरहाची रडगाणी, यात मात्र ड्रम दणाणत होते. पोरं खूश होती. सह्या उरकून ती पेनाला टोपण लावतेय, तोच तिचा एकेकाळचा प्रियकर निहार धापा टाकत आला. नेहमीसारखा उशिरा. पहिल्या अल्बममधली आठही गाणी त्याच्यावरच रचलेली होती.

“तुझी सगळी गाणी पाठ आहेत मला,” नवी सीडी पुढे करत तो म्हणाला. “पण पहिल्यातला तो वाढदिवस विसरणारा, तासन्‌तास ताटकळत ठेवणारा माणूस कोण गं? नव्यात तो कुठेच नाही. बरं केलंस, सोडलंस त्याला. आता परत बघूही नकोस त्याच्याकडे.”

तीन वर्षं ती निहारच्या एका ‘सॉरी’ची वाट बघत होती. आता तिला हसू आवरेना. सहीखाली तिने लिहिलं, ‘सल्ल्याबद्दल आभार.’