ओळखीचा माणूस

"मारा की आता! दगड काय हातात धरून उभं राहायला उचललाय?" वनरक्षक खेकसला.

फोटोग्राफरचा हात काही उठेना. समोरच्या उतारावरून अस्वलाचं पिल्लू दुडुदुडु खाली येत होतं. एकटंच. त्याच्या आईला परवा पलीकडच्या खिंडीत कुणीतरी गोळी घातली होती.

त्या आईला फोटोग्राफर 'बाईसाहेब' म्हणायचा. फोटोसाठी अस्वलाच्या मागे धावायचं नाही, त्यालाच आपली सवय लावायची, ही याची पद्धत. रोज तोच मळका कोट, तोच खडक आणि हळू आवाजात गप्पा. "मीच आहे हो बाईसाहेब, चालू द्या तुमचं." बायको थट्टेनं म्हणायची, "माझ्याशी कधी बोललात का एवढं गोड?" अस्वलीण आधी लांबूनच गुरगुरायची. मग खुशाल त्याच्याकडे पाठ करून मुळं उकरायला लागली. शेवटी तर पिल्लाला त्याच्यापाशी सोडून ओढ्यावर जायची. त्या फोटोंनी याचं नाव झालं.

परवा वनरक्षकच निरोप घेऊन आला. "माग बघितला मी, साहेब. पळाल्याची खूणच नाही. बसल्या जागी गेली. माणसाला भ्यायचं असतं, हेच विसरली होती बिचारी."

तेव्हापासून याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तिला मारलं दुसऱ्यानं, पण मरायला उभं केलं आपणच, हे त्याला पक्कं कळलं होतं. निदान पिल्लाला तरी माणसाची दहशत बसायला हवी. नाहीतर त्याचीही तीच गत.

पिल्लू आणखी जवळ आलं. मागच्या बर्फावर कोवळं ऊन पडलं होतं. असा फोटो जन्मात एकदा मिळतो. कॅमेरा पिशवीतच राहिला.

डोळे मिटून त्यानं दगड भिरकावला. नेम चुकला. पिल्लानं गडगडत गेलेला दगड हुंगला आणि खेळ समजून पंजानं उलटवला. फोटोग्राफरनं दुसरा दगड उचलला आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.

दगड पुढच्या पायावर बसला. पिल्लू केकाटलं.

"बसला! आता पळेल बघा," वनरक्षक म्हणाला.

पिल्लू पळालंच. लंगडत, रडत, जिवाच्या आकांतानं पळालं, आणि थेट फोटोग्राफरच्या पायांत येऊन लपलं.