बायकोची टेस्ट

“क्लच हळू सोड. अगं, हळू!” नवरा मागून ओरडला.

व्हॅनने गचका दिला आणि ती बंद पडली. लाँड्रीवाल्याच्या बायकोने पुन्हा किल्ली फिरवली. पहाटेपासून दवाखान्याच्या चादरी धुऊन तिचे हात पांढरेफटक पडले होते. शेजारी लाँड्रीतला इस्त्रीवाला जीव मुठीत धरून बसला होता. शिकाऊ माणसाजवळ लायसन्सवाला लागतो, आणि घरात आता तसा कुणी नव्हता. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून नवऱ्याचं लायसन्स कोर्टाने दोन वर्षं काढून घेतलं होतं. त्यातलं एक जेमतेम सरलं होतं. म्हणून व्हॅनचा मालक मागे, चादरींच्या गठ्ठ्यांत.

आज तिची टेस्ट होती. इतके दिवस चादरी इस्त्रीवालाच पोचवत होता, त्यामुळे इकडे इस्त्री पडून राहायची आणि गिऱ्हाइकं तुटायची. ती पास झाली तरच लाँड्री तगणार होती.

“आरशात बघ. वळणावर कधी घाई करू नये,” नवरा म्हणाला.

बैल गेला आणि झोपा केला! इस्त्रीवाल्याने हसू दाबलं. बायको हसलीही नाही. हल्ली तिला हसायचाही थकवा येत असावा.

चौकात लाल दिवा लागला तसा नवऱ्याचा पाय आपोआप समोर दाबला गेला. पुढची सीट हलली.

“अहो, तिथे ब्रेक नाही,” ती आरशात बघून म्हणाली. “त्या रात्री होता.”

त्याने पाय मागे ओढून घेतला. त्या रात्री त्याच्या व्हॅनखाली येऊन दूधवाल्याचा पाय मोडला होता. माणूस वाचला, एवढंच नशीब. तेव्हापासून नवऱ्याने थेंबालाही हात लावला नव्हता. हे तो तिला रोज सांगायचा. ती रोज ‘बरं’ म्हणायची.

मैदानात ती परीक्षकाला घेऊन गेली. नवरा कठड्याशी उभा राहिला. तिने चढावर गाडी थांबवली आणि तसूभरही मागे न सरकू देता वर नेली. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. ‘मी आहे ना,’ म्हणायचा. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“वहिनी पास!” इस्त्रीवाला ओरडला.

नवरा व्हॅनच्या खिडकीशी गेला. “जिंकलीस गं. आता एवढं एक वर्ष ओढ. मग माझं लायसन्स आलं की तू सुटलीस. मी आहे ना.”

ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. तिने मान वर केली.

“बसा मागे. दवाखान्यात खोळंबलेत,” ती म्हणाली. मग त्याच थकलेल्या आवाजात, “लायसन्स सरकार परत देईल. किल्लीचं मी ठरवेन.”