गोपालचं स्पेसिफिकेशन

"सर, स्पेसिफिकेशन म्हणजे काय हो?"

गोपाल दारातच उभा होता. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं. विजय सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हाताला धरून त्याला आत घेतलं. सर सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवत. गोपालची पोरगी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. खानदेशातून आलेल्या माणसांचं काही अडलं की सगळे सरांचंच दार ठोठावायचे.

"आधी बसा. पाणी प्या."

गोपालने पेला एका दमात रिकामा केला.

मिलमधला त्याचा जोडीदार आनंदा जाऊन आठवडा होत आला होता. कापड रंगवायच्या डाईंग मशीनचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. चालू मशीनचं झाकण आनंदानेच उघडलं, असं मिलच्या शेठने पोलिसांना सांगितलं. पण झाकणाचं लॉक आधीच मोडलेलं होतं. गोपालने ते मॅनेजरला दाखवलंही होतं. उद्या चौकशीला सरकारी साहेब येणार होते, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडायचं असं गोपालने ठरवलं होतं.

"दुपारी मॅनेजर फोनवर होता," तो म्हणाला. "मी बाहेरून ऐकलं. 'गोपाल का पूरा स्पेसिफिकेशन भेज दिया है. कल फिनिश कर देना.' सर, हे लोक मला संपवणार."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग खळखळून हसले.

"अहो, स्पेसिफिकेशन मालाचं असतं, माणसाचं नाही! शब्द मूळचा लॅटिन. 'स्पेसीज' म्हणजे रूप, दिसणं. वस्तू कशी हवी ते बारीकसारीक तपशिलासकट सांगायचं, ते स्पेसिफिकेशन. रंग कोणता, पन्हा किती, कापड किती मऊ. आणि फिनिश तर तुमच्या मिलमध्ये रोज करतात की कापडाला!"

"पण 'गोपाल' असंच म्हणाला ना तो."

"त्या नावाचा व्यापारी नसेल सुरतेत? गल्लोगल्ली सापडतील."

गोपालने कपाळावरचा घाम पुसला. खरंच की. एवढी वर्षं मिलमध्ये काढून आपल्याला हे सुचू नये?

"हे कुणाकुणाला सांगितलंत?" सरांनी विचारलं.

"एकट्या बायकोला, नूतनला. ती रडतेय घरी. म्हणते, सकाय कामले जानं नही, आजच गावाकडे निघू."

"निघालात तर आनंदाच्या बायकोच्या बाजूने बोलणार कोण?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या नेहमीसारखे ड्यूटीवर जा. साहेबांना खरं ते सांगा. घाबरू नका."

गोपालच्या छातीवरचा दगड उतरला. सरांच्या पाया पडून तो जिना उतरला. खाली सायकलचं कुलूप काढताना त्याला नूतन आठवली. आपलं ती ऐकायची नाही. सरांनीच फोनवर दोन शब्द सांगितले, तर तिचा जीव शांत होईल.

तो पुन्हा वर आला. दार अर्धवट उघडंच होतं. सर पाठमोरे उभे होते, फोन कानाला लावून.

"हो शेठ, काढली समजूत. सकाळी येतोय तो. पण बायकोलाही सगळं ठाऊक आहे. तिचंही स्पेसिफिकेशन सांगतो, लिहून घ्या."